घरचं ब्रॉडबँड कोणाचं घ्यायचं, आणि अँटीव्हायरसला पैसे मोजायचे का?

पेट झाली, गाइड ठरले, कोर्सवर्कचं वेळापत्रक लागलं, की आठवड्याभरात दोन प्रश्न हमखास येतात. “घरी नेट कोणाचं घेऊ?” आणि “लॅपटॉपमध्ये कोणता अँटीव्हायरस टाकू?” मी आधी नमुना निवडीवर लिहिलं, मापनातल्या चुकांवर लिहिलं, पण मेसेज येतात ते याच दोन गोष्टींसाठी. मग म्हटलं, यावरच लिहू. कारण उत्तर शोधायची रीत तीच आहे, जी तुम्हाला पुढे लॅबमध्ये वापरायची आहे.

आणि हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. पुढची चार-पाच वर्षं तुमचा डेटा, प्रकरणांचे मसुदे, गाइडबरोबरच्या ऑनलाइन बैठका, कदाचित आरएसीसमोरचं सादरीकरणसुद्धा एका लॅपटॉपवर आणि घरात येणाऱ्या एका तारेवर अवलंबून राहणार आहे. जेआरएफ मिळाली असेल तर महिना ३७,००० रुपये येतात, पण आपल्यातले बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवून पीएचडी करतात. त्यांच्यासाठी वर्षाचे पैसे एकदम भरायचे की नाही, हाही नीट विचार करायचा प्रश्न आहे.

आधी गरज लिहून काढा

“१०० एमबीपीएस पुरेल का?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण कशाला पुरेल ते विचारलेलं नाही. कागद घ्या आणि लिहा, मी या नेटवरून नेमकं काय करणार आहे.

एक गोंधळ आधी मिटवू. प्लॅनच्या जाहिरातीतला ‘एमबी’ हा मेगाबिट असतो आणि फाइलच्या आकारातला ‘एमबी’ हा मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात. माझं काम हवामानाच्या डेटावर चालतं, ४० जीबीचा एखादा संच उतरवणं नेहमीचं. या वेगानं त्याला साधारण ५३ मिनिटं लागतात. चहा घ्या, एक पेपर वाचा, झालं. पण तोच संच विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा असेल आणि प्लॅनमध्ये अपलोड फक्त १० एमबीपीएस असेल, तर जवळपास नऊ तास लागतात. जाहिरातीत ठळक अक्षरात असतो तो डाउनलोडचा आकडा. अपलोडचा आकडा तोंडानं विचारून, शक्यतो मेसेजवर लिहून घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा, जीनोमचा डेटा, मुलाखतींचे व्हिडिओ अशी कामं असणाऱ्यांनी तर आधी अपलोडच बघावा.

बाकीच्यांचं काय? एका व्हिडिओ बैठकीला तीन-चार एमबीपीएस भरपूर होतात. शोधनिबंधाची पीडीएफ दोन-तीन मेगाबाइटची. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, आणि खरं सांगायचं तर रसायनशास्त्राच्याही बहुतेक विद्यार्थ्यांना ३० ते ५० एमबीपीएसच्या वर काही लागत नाही, घरात चार जण एकदम सिनेमे बघत नसतील तर. (आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस अशी आहे. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. त्यामुळे पाटीवर ‘ब्रॉडबँड’ लिहिलंय एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.)

किमतीचं पटकन सांगतो. छापलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन ५८९ रुपयांना पडतो. ‘अनलिमिटेड’ला मर्यादा असतेच. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिना ३३०० जीबी असते, म्हणजे रोज ११० जीबी. तिथपर्यंत आपण पोचत नाही. गल्लीतल्या स्वस्त प्लॅनची मर्यादा मात्र विचारा, आणि ती संपल्यावर वेग किती उरतो तेही.

शेजाऱ्याला काय विचारायचं

आता निवड. इथे सगळे एकच करतात: सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, “कोणाचं नेट चांगलं आहे?” आणि सहा उत्तरं येतात, सहा तऱ्हेची.

प्रश्नावली तयार करायला शिकताना पहिला नियम सांगतात, मत विचारू नका, घटना विचारा, आणि तिला काळाची मर्यादा घाला. इथेही तेच. “गेल्या महिन्यात किती वेळा बंद पडलं? तक्रार केल्यावर किती तासांनी माणूस आला? पहिल्या पावसात किती दिवस गेलं होतं?” या तीन प्रश्नांची उत्तरं “एकदम मस्त आहे हो” यापेक्षा कितीतरी उपयोगी.

दुसरं, कोणाला विचारताय? ज्यांच्याकडे ती जोडणी अजून आहे, ते बहुधा समाधानीच असणार. वैतागलेले केव्हाच दुसरीकडे गेले. म्हणून मुद्दाम सोडून गेलेला ग्राहक शोधा आणि का सोडलं ते विचारा. नेटवरच्या परीक्षणांचं उलट असतं, तिथे चिडलेलाच लिहायला बसतो. दोन्ही नमुने एकांगी, फक्त दिशा वेगळी.

आणि तिसरी गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. कंपनीचं नाव कुठलंही असो, तुमच्या इमारतीपर्यंतची फायबर बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलवाल्याच्या हातात असते. पुण्यात कोथरूडला जी कंपनी उत्तम चालते ती हडपसरला रडत असेल, कारण खांबावर चढणारा माणूस वेगळा. त्यामुळे “भारतात नंबर एक” या दाव्याचा तुमच्यासाठी उपयोग जवळपास शून्य. तुमचा नमुना म्हणजे तुमची गल्ली. तिथले पाच जण पुरतात.

मोजायचं कसं

कितीही चौकशी केली तरी शेवटी मोजावं लागतं. म्हणून पहिला सल्ला: सुरुवातीला एक महिन्याचाच प्लॅन घ्या, वार्षिक सवलत कितीही गोड दिसली तरी. तो महिना म्हणजे तुमचा पथदर्शी अभ्यास.

स्पीड टेस्टचं बटण दाबायचं आणि आलेला आकडा मिरवायचा, हे मापन नव्हे. स्पीड टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो कित्येकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता मोजला, पुढच्या महामार्गाचं काही कळलं नाही. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, तीही करून बघा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे तुम्हाला खरंच जिथून फाइली आणायच्या आहेत, तिथूनच एक मोठी फाइल उतरवून घड्याळ लावा.

लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा. वायफायवर मोजलं तर तुम्ही कंपनी मोजताय की मधली भिंत, हे कळणार नाही. प्रयोगात बाकीचे घटक स्थिर ठेवा म्हणतात ते हेच. मग तीन ठिकाणी पिंग करा: आधी राउटरला, मग ट्रेसरूटमध्ये दिसणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच अडखळत असेल तर दोष घरात. राउटर ठीक आणि पहिला टप्पा वाईट, तर दोष खांबावरच्या तारेत किंवा कंपनीत. तिथपर्यंत छान आणि पुढे वाईट, तर कंपनीनं बाहेरची क्षमता कमी घेतलेली असू शकते. एक सावधगिरी: मधले काही टप्पे पिंगला मुद्दाम सावकाश उत्तर देतात किंवा देतच नाहीत, त्यामुळे मधला एकच टप्पा वाईट आणि पुढचं सगळं चांगलं दिसलं, तर ते दुर्लक्षित करा. अशी विभागणी करून तक्रार केलीत की “राउटर बंद करून चालू करा” या टप्प्यावरून गाडी पटकन पुढे सरकते.

वेळ कोणती निवडायची? रात्री नऊ ते अकरा. फायबरमध्ये सर्वाधिक दिसणारं तंत्र जीपॉन. त्यात एका फायबरवर खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ नं भागलं तर घराला ७८, ६४ नं भागलं तर ३९ एमबीपीएस. म्हणजे सगळ्यांना विकलेले १०० एमबीपीएस एकाच वेळी सगळ्यांना मिळूच शकत नाहीत. सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर हा धंदा चालतो. सहसा तो भरवसा खरा ठरतो. क्रिकेटचा सामना असला की ठरत नाही. सकाळी सहाला मोजलेला वेग म्हणजे रिकाम्या लोकलमध्ये बसून गर्दीचा अभ्यास.

वेगापेक्षा जास्त छळणारी गोष्ट म्हणजे हरवणारी पाकिटं. इथे जरा थांबतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंटरनेटवरचा बहुतेक डेटा टीसीपी या पद्धतीनं जातो, आणि पाकीट हरवलं की टीसीपी समजतो रस्त्यावर गर्दी झाली, आणि वेग कमी करतो. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं एक सोपं सूत्र मांडलं: मिळणारा वेग हा जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात असतो. आकडे घालून बघा. पाकीट १४६० बाइटचं, जायला-यायला ५० मिलिसेकंद. दहा हजारांत एक पाकीट हरवलं तर एका जोडणीला साधारण २८ एमबीपीएस मिळतात. शंभरात एक हरवलं तर तीनसुद्धा नाहीत. प्लॅन १०० चा असो की ३०० चा. टीसीपीचे नवे प्रकार यापेक्षा बरे वागतात, पण “प्लॅन मोठा घेतला तरी नेट रडतंय” यामागे कितीदा हेच असतं.

मग हजार वेळा पिंग केलं आणि एकही पाकीट हरवलं नाही, तर हानी शून्य म्हणायची का? नाही. संख्याशास्त्रातला ‘तीनचा नियम’ आठवा: ‘न’ प्रयत्नांत घटना एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीनं तिचं प्रमाण ३ भागिले ‘न’ पेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. हजारांत शून्य म्हणजे ०.३ टक्क्यांपेक्षा कमी. आणि वरच्या सूत्रात ०.३ टक्के घातले तर वेग येतो फक्त पाच एमबीपीएस! म्हणजे हजार पिंग पुरेच नाहीत. सेकंदाला एक या दरानं दहा हजार पिंग करायला पावणेतीन तास लागतात. रात्री जेवायच्या आधी लावून द्या. (हा नियम प्रत्येक घटना स्वतंत्र आहे असं धरतो. प्रत्यक्षात पाकिटं झुंडीनं हरवतात, त्यामुळे एकच लांब रात्र मोजण्यापेक्षा वेगवेगळ्या चार-पाच रात्री मोजलेलं बरं.)

नोंद ठेवताना सरासरी लिहू नका. नव्वद वेळा २० मिलिसेकंद आणि दहा वेळा ८०० आले, तर सरासरी ९८ येते, आणि ९८ एकदाही आलेले नसतात. मध्यक लिहा आणि ९५ वा शततमक लिहा. बैठकीत तुमचा आवाज तुटतो तो त्या वरच्या पाच-दहा टक्क्यांत.

आणखी एक छोटी चाचणी: मोठी फाइल ड्राइव्हवर चढवत ठेवा आणि त्याच वेळी पिंग बघा. २० चे ५०० मिलिसेकंद झाले, तर राउटरमध्ये पाकिटांची रांग तुंबते आहे. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर महागडा प्लॅन हा उपाय नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घाला, बैठक सुरळीत होते.

आणि कोणी “आमच्या नेटवर अमेरिकेतला सर्व्हर २० मिलिसेकंदांत” म्हणाला तर हसून सोडून द्या. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबली सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त.

बंद पडण्याचं गणित

“९९ टक्के वेळ चालू” ऐकायला छान. तीस दिवसांचे ७२० तास, त्यातला एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ते मिनिटामिनिटानं विखुरलेले असतील तर कळणारही नाही. सलग असतील आणि त्याच दिवशी आरएसी असेल तर सहा महिन्यांचा अहवाल खिशात घेऊन तुम्ही गच्चीवर मोबाइलची रेंज शोधत फिराल.

म्हणून दुसरी सोय हवी, आणि ती पहिलीपासून स्वतंत्र हवी. दोन जोडण्या प्रत्येकी एक टक्का वेळ बंद असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, पण फक्त त्या स्वतंत्र असतील तरच. घरची फायबर आणि मोबाइलचं सिम एकाच कंपनीचं असेल तर जेसीबीनं एक केबल तोडली की दोन्ही जाऊ शकतात. सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. आणि वीज गेली की फायबर कितीही शाबूत असली तरी राउटर बंद पडतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठीचा छोटा यूपीएस हजार ते दोन हजारात मिळतो. भारनियमन असलेल्या गावात राहत असाल, तर वरच्या प्लॅनवर वर्षाला जाणारे जादा पैसे वाचवून आधी हा घ्या. माझ्या मते घरच्या नेटवर केलेला हा सगळ्यात शहाणा खर्च.

आता अँटीव्हायरस

मराठी माणसाला या धंद्याबद्दल थोडा अभिमान असायला हरकत नाही. पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून क्विक हील उभी केली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. पण अभिमान वेगळा आणि निवड वेगळी.

निवडीसाठी एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज, एसई लॅब्ज अशा चाचणी संस्थांचे अहवाल असतात. जरूर वाचा, पण पेपर वाचतो तसे वाचा. पहिला प्रश्न, पैसे कोणी दिले? बऱ्याच चाचण्यांसाठी कंपन्याच शुल्क भरतात. म्हणून अहवाल खोटा ठरत नाही, पण ते माहीत असावं. दुसरा प्रश्न, नमुना केवढा? समजा ५०० धोकादायक नमुन्यांपैकी एका प्रोग्रॅमनं ४९८ पकडले आणि दुसऱ्यानं ४९६. जाहिरातीत ९९.६ विरुद्ध ९९.२ असा स्तंभालेख येईल, उभा अक्ष ९९ पासून सुरू केलेला. प्रत्यक्षात हा फरक प्रमाण त्रुटीच्याही आत आहे. पुढच्या महिन्यात क्रम उलटा येऊ शकतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित: चुकीचे इशारे किती? मूळ प्रमाणाचं गणित करू. धरून चला, तुमच्या डिस्कवर दोन लाख फाइली आहेत आणि त्यातल्या दहा वाईट. प्रोग्रॅम ९९ टक्के वाईट फाइली पकडतो, म्हणजे दहाच्या दहा धरा. चांगल्या फाइलीला चुकून वाईट म्हणण्याचं प्रमाण फक्त ०.०१ टक्का. तरीही वीस निर्दोष फाइली अडकल्या. तीस इशाऱ्यांपैकी वीस खोटे! आणि त्या विसांत तुम्ही स्वतः लिहून तयार केलेला प्रोग्रॅम असू शकतो, कारण जगात दुसरीकडे कुठेच नसलेली फाइल या प्रोग्रॅमना संशयास्पद वाटते. संशोधन करणाऱ्याकडे अशाच फाइली जास्त. म्हणून अहवालातला पकडण्याचा रकाना सोडा, चुकीच्या इशाऱ्यांचा रकाना बघा.

मग पैसे मोजायचे का? विंडोज वापरत असाल तर माझं उत्तर: बहुतेकांनी नाही. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो आणि गेली काही वर्षं तो या चाचण्यांत विकतच्या प्रोग्रॅमच्या बरोबरीनं उभा राहतोय. नव्या लॅपटॉपबरोबर आलेली तीस दिवसांची मोफत आवृत्ती काढून टाका, डिफेंडर चालू झालाय ना ते बघा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. घरात एकच संगणक आहे, त्यावर धाकटी भावंडं काहीही उतरवतात, वडील बँकेचे व्यवहार करतात, आणि अडलं तर नेहमीचा कॉम्प्युटरवालाच येऊन बघतो, अशा घरी विकतचं पाकीट घ्यायला माझी हरकत नाही. तेव्हा पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा आणि कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय बंद ठेवा.

एवढं आढेवेढे घेण्याचं कारण असं, की अँटीव्हायरसला संगणकाच्या गाभ्यापर्यंत शिरकाव द्यावा लागतो. चौकीदाराच्या हातात तिजोरीची किल्ली. अ‍ॅव्हास्टनं वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तो कुठलाही हल्ला नव्हता, सुरक्षेचंच सॉफ्टवेअर होतं.

खरा धोका कुठून येतो

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला. त्यानं वापरलेलं भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्यानंही तेच भगदाड वापरलं, आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तेव्हा ‘नंतर आठवण कर’ हे बटण दाबणं सोडा. आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुना लॅपटॉप वापरत असाल तर हे आधी बघा. नवं विंडोज त्यावर चालत नसेल तर लिनक्स टाकून बघायला हीच वेळ चांगली.

दुसरी वाट म्हणजे क्रॅक. स्पष्टच बोलतो. आलेख काढायचं, सांख्यिकीचं, संदर्भ लावायचं सॉफ्टवेअर विभागात पेनड्राइव्हवरून फिरत असतं, आणि सोबतच्या सूचनांत पहिली ओळ असते, “आधी अँटीव्हायरस बंद करा.” चोर घरात येण्याआधी सांगतो, कुत्र्याला बांधून ठेवा, आणि आपण बांधतो! यानंतर कोणता अँटीव्हायरस चांगला ही चर्चा व्यर्थ. आर, पायथन, ऑक्टेव्ह, जास्प, झोटेरो, सगळं मोफत आहे. शिकायला पंधरा दिवस जास्त जातील, पण प्रबंधात सॉफ्टवेअरचं नाव लिहिताना हात थरथरणार नाही.

तिसरी वाट, विद्यापीठाबाहेरचं झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की समजून जा. प्रिंटसाठी वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा, किंवा पीडीएफ मेल करा.

राउटरकडे कोणी बघतच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या जाळ्यानं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तुमच्या लॅपटॉपमधला कुठलाच अँटीव्हायरस यावर काही करू शकत नाही. जोडणी करायला आलेला माणूस जायच्या आधी त्याच्याकडून राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड घ्या (वायफायचा वेगळा, हा वेगळा), तो बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, अपडेट आहे का बघा. दहा मिनिटांचं काम. जमल्यास डीएनएस ९.९.९.९ करा. ही क्वाडनाइनची मोफत सेवा आहे, ती माहीत असलेले घातक पत्ते उघडूच देत नाही. संगणक आधीच बाधित झाल्याची शंका असेल तर सीईआरटी-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, बँकेच्या शाखेत रांग लावण्याआधी.

आणि हे सगळं करूनही एक दिवस फाइली जातीलच असं धरून चाला. डिस्क मरते, एसटीत बॅग राहते, खंडणीखोर प्रोग्रॅम सगळं कुलूपबंद करतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क यात धरू नका, लॅपटॉपबरोबर तीही कुलूपबंद होते. गूगल ड्राइव्हही बिघडलेली फाइल इमानदारीनं चढवतो. त्याच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर वाचलात. दर रविवारी डिस्क जोडा, प्रत घ्या, काढून कपाटात ठेवा. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादं जुनं प्रकरण दुसऱ्या संगणकावर खरंच उघडून बघा, आकृत्यांसकट.